चिमाबाईंच्या भाकरीचा दर

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा शिपाई वाजवतो, हे फक्त कागदावर. खरी सुट्टी होते ती चिमाबाईंच्या कढईत वड्यांचा पहिला घाणा पडला की. तो वास कडुलिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमधून निघतो, जिना चढतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गात न विचारता शिरतो. मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत असतो. पुढची पाच मिनिटं साठ मुलांपैकी एकाचीही नजर फळ्याकडं नसते. सगळ्या नजरा खिडकीतून खाली गेलेल्या असतात.

मी हिंदुराव माने, विज्ञानाचा मास्तर, मूळ गाव वेळापूर. आठ वर्षांपूर्वी संस्थेनं बदली करून मला सोलापुरात आणून टाकलं. आई, बायको आणि म्हैस वेळापुरातच राहिल्या आणि मी विजापूर रोडला एका खोलीत राहू लागलो. खाणावळीच्या डब्यातली आमटी अशी असायची की तिच्यातून डब्याचा तळ वाचता यावा. पहिल्याच आठवड्यात तो डबा घेऊन मी कँटीनच्या बाकड्यावर बसलो होतो. शेडमधली बाई बाहेर आली, डब्यात डोकावली, आत गेली, आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, तिच्यावर शेंगाचटणी, चटणीवर तेलाची धार, असं माझ्यापुढं ठेवून पुन्हा आत गेली. त्या चिमाबाई.

मुलांची गर्दी ओसरली की त्या स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या थापायच्या. त्या दिवसापासून तीन थापायला लागल्या. मी बाकड्यावर बसतो, भाकरी येते. चहाचे पैसे मात्र मी एक तारखेला न चुकता देतो. व्यवहारात मी पहिल्यापासून चोख.

चिमाबाई पन्नाशीच्या. जन्म सांगोल्याकडच्या धनगराघरचा, दिलेल्या मंद्रूपला. नवरा बिरदेव गावाकडं थोडी जमीन आणि वीसेक मेंढरं सांभाळतो. मुलगी पूनम हिच्या शाळेपायी बाई शहरात आल्या. पूनम शिकली, नर्स झाली, सासरीही गेली, पण आई शाळेतून काही सुटली नाही. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडचं पोर जागच्या जागी थांबावं. धंद्याची अक्कल बेताचीच. माल खपवायचा सोडून गिऱ्हाइकालाच दम द्यायच्या. "सकाळधरनं ह्यो तिसरा वडा हाय तुजा. सोड त्यो. पोट हाय का पोतं?" मुलगा पैसे पुढं करून उभा, आणि बाई वडा द्यायला तयार नाहीत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर सगळं असं सुरळीत चाललेलं असताना ऑगस्टात वरून एक पत्र आलं. शाळेच्या आवारात तळकट, अतिगोड आणि पाकीटबंद खाणं नको, पौष्टिक पदार्थ ठेवावेत आणि हे काम पालक, शिक्षक, विद्यार्थी, संस्था, कँटीनचालक अशा सर्व संबंधितांनी एकत्र येऊन करावं. मुख्याध्यापिका दिपाली मॅडमनी ताबडतोब समिती नेमली. आमच्याकडं घराला आग लागली तरी आधी समिती नेमतील. मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर मला सचिव करून झालं होतं. उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात पद घालायची आमच्याकडं जुनी पद्धत आहे.

समितीत पालकांतर्फे रत्नम्मा होत्या. घरात यंत्रमाग, तेलुगू घर, मुलगी सहावीत, आणि तोंड फटकळ. वळसंगचे कल्लप्पा होते, मुलासाठी शहरात खोली घेतलेले, शेतात वांगी आणि मेथी काढणारे. नववीच्या दोन मुली होत्या. आणि चिमाबाई. त्यांना खुर्ची दिली होती, तरी त्या दाराशी उभ्या राहिल्या.

संस्थेचे चेअरमन उदयसिंह फोनवर होते. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. डिसेंबरपर्यंत जमवा. नाही जमलं तर नव्या वर्षापासून एका कंपनीचं यंत्र बसवू. पैसे टाकले की पाकीट खाली पडतं, पाकिटावर पौष्टिक असल्याचं छापलेलं असतं, म्हणजे पत्राचंही समाधान.

"म्हंजे मी जायाचं व्हय?" दारातून चिमाबाईंनी विचारलं.

फोन बंद झाला होता. मॅडम कागद नीट लावायला लागल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या दुपारच्या जेवणाचीही काळजी वाटली.

मॅडम एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. तिथून त्यांनी तक्ता आणला होता. सोमवारी मोड आलेल्या मटकीचं सॅलड, मंगळवारी ओट्सचा उपमा, बुधवारी उकडलेल्या भाज्या. चिमाबाईंनी एका शब्दानं खळखळ केली नाही. कढई धुऊन पालथी घातली. वडा बंद. नववीच्या मुलींनी रंगीत खडूनं फळा लिहिला, "आजचा पौष्टिक पदार्थ". चिमाबाईंनी तो वाचून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "आदी त्ये पौष्टिक पुसा. पोरास्नी त्यात एरंडेल दिसतंय." आम्ही पुसलं नाही. आम्ही शिकलेले होतो ना!

सोमवारी मटकीचा खप झाला, पण तो खाण्यासाठी नव्हे. सातवी 'ब'नं पेनाच्या नळ्यांतून आठवी 'अ'वर मोड आलेल्या मटकीचा मारा केला. एक दाणा माझ्या फळ्यावर बहिर्वक्र भिंगाच्या मध्यभागी जाऊन चिकटला. नेम चांगला होता, हे मला मान्य करावं लागलं. मंगळवारचा ओट्सचा उपमा शाळेच्या मागच्या कुत्र्यानंही हुंगून सोडला. बुधवारी निम्मी शाळा फाटकाबाहेरच्या गाडीवर वडापाव खाताना सापडली. त्या गाडीवरचं तेल आमच्या चिमाबाईंच्या तेलाहून किती जुनं होतं, हे न बोललेलंच बरं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा बैठक. सगळे तोंडं पाडून बसले होते. रत्नम्मांनी हातातली पिशवी टेबलावर आपटली.

"मी सांगतो बघा," त्या म्हणाल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका मराठीत स्वतःला 'सांगतो, येतो'च म्हणतात. "ते गवत-बिवत कशाला पाहिजे? चिमक्का भाकर करते की नाही? गरम भाकर, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, ताक. माझी पोरगी रोज घरी येऊन सांगते, माने सर भाकर खाते, वास सुटते, आमाला देत नाही."

सगळी बैठक माझ्याकडं पाहायला लागली. मी खिडकीबाहेर पाहिलं. पण सूचना अशी होती की हातच्या कांकणाला आरसा नको. ज्वारी इथली, शेंगदाणा इथला, कल्लप्पांची वांगी, आणि करणारी बाई घरची. मॅडमनी तिथल्या तिथं दर काढला. एक भाकरी, चटणी आणि भाजी मिळून अमुक रुपये. मी तो ठराव म्हणून लिहायला घेतला.

"भाजी इकीन, ताक इकीन, चटनी इकीन," चिमाबाई दारातून म्हणाल्या. "भाकर न्हाय इकनार."

आम्हाला वाटलं, दर कमी पडला. मॅडमनी वाढवला. चिमाबाईंनी मान हलवली.

"अहो, सोलापुरात गल्लोगल्ली बायका भाकरी विकतात," मी म्हणालो.

"त्या कडक भाकरी, सर. पापडावानी. ती वस्तू हाय, डब्यात भरून मुंबैला जात्याय. गरम भाकर वस्तू न्हाय."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि निघून गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मी त्या वेळी म्हणालोसुद्धा.

मला फार राग आला. बाईच्या पोटावर पाय येतोय, आम्ही सगळे तिच्यासाठी धडपडतोय आणि ही आपला हेका सोडत नाही! दुपारी मी बाकड्यावर बसून तोंडातल्या घासासकट ओरडलो, "अहो चिमाबाई, वडा विकलात, भजी विकलीत, चहा विकता. मग भाकरी विकायला काय जातं तुमचं? यंत्र बसलं म्हणजे मग कळेल!"

त्या तवा पुसत होत्या. "चटनी देऊ का अजून?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी येते की नाही याची मला धास्ती होती. आली. पण आमचं बोलणं कमी झालं.

आता उरला होता एक महिना. चेअरमनसाहेबांनी पाहणीला दिवस मागितला. सचिव मी. मी कॅलेंडर पाहून डिसेंबरातला एक शुक्रवार कळवून टाकला. त्या दिवशी साहेब येणार, कंपनीचा माणूस सोबत आणणार, मधल्या सुट्टीत मुलं कँटीनमधून काय घेतात ते पाहणार आणि तिथंच काय तो निर्णय देणार. मी तारीख चिमाबाईंना सांगायला गेलो.

"त्या दिशी मी न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "आवस हाय."

झालं. माझ्यातला विज्ञानाचा मास्तर खडबडून जागा झाला. आठ वर्षं ज्या बाईची भाकरी खाल्ली तिला अंधश्रद्धेतून बाहेर काढायची संधी आली होती. मी बाकड्यावरचे दोन पेले आणि एक बटाटा घेतला. पेला म्हणजे सूर्य, दुसरा पेला पृथ्वी, बटाटा चंद्र. चंद्र इकडं आला की त्याची उजेडाची बाजू आपल्याला दिसत नाही, एवढंच काय ते. त्यात शुभ नाही, अशुभ नाही. एवढी शिकली-सवरलेली माणसं अमावास्येला घाबरून घरात बसतात याची मला कीव येते, वगैरे. दहा मिनिटं मी बोलत होतो. चिमाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बटाटा माझ्या हातातून काढून घेतला, कारण तो त्यांना भाजीत घालायचा होता.

"सर," त्या म्हणाल्या, "ती येळवस हाय."

आमच्या वेळापूरकडं येळवस नाही. मला तो शब्दच माहीत नव्हता. स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, तर कल्लप्पांचा गाववाला असलेला आमचा शिपाई हसून हसून खाली बसला. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि तिकडं पार कर्नाटकापर्यंत मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा जेवणाचा दिवस. सगळं गाव रानात. ज्वारीच्या ताटांत खोप, म्हणजे लहानसं खोपटं, करायची, लक्ष्मीची पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून आणून जेवायला बसवायचं. त्या दिवशी रानातून कुणी उपाशी गेला तर रानाचा अपमान. आणि मी बाईला बटाटा दाखवून त्या दिवसाची भीती घालवत होतो! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तारीख बदलायला मी चेअरमनसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "माने, एका अमावास्येसाठी मी दौरा बदलू? तुम्ही विज्ञान शिकवता ना?" माझंच भाषण मला परत मिळालं.

मी चिमाबाईंपुढं जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, जमली नाही. त्यांनीच माझ्याकडं पाहिलं. चेहरा उतरला होता. अठरा वर्षं त्या शेडमध्ये होत्या, आणि एवढ्या वर्षांत येळवशीला शाळेत एकदाही हजर नव्हत्या. त्या दिवशी मंद्रूपच्या रानात नाही गेल्या तर येळवस मोडणार, आणि गेल्या तर कँटीन जाणार.

"बगते," त्या म्हणाल्या.

शुक्रवार उजाडला. नऊ वाजले, दहा वाजले, शेडला कुलूप. अकराला चेअरमनसाहेबांची गाडी आली. सोबत कंपनीचा इस्त्रीतला तरुण, हातात टॅब. मॅडम त्यांना प्रयोगशाळा दाखवत होत्या, ग्रंथालय दाखवत होत्या, वेळ काढायला स्वच्छतागृहसुद्धा दाखवलं. मी दर दोन मिनिटांनी फाटकाकडं पाहत होतो. बारा वाजून दहा मिनिटांनी शिपायानं घंटा वाजवली आणि पोरं खाली धावली. त्याच वेळी फाटकातून एक छोटा हत्ती टेम्पो आत शिरला, हौद्यात उसाचे वाढे नि कडब्याच्या पेंढ्या, आणि मधोमध पातेली धरून बसलेल्या चिमाबाई. शेजारी बिरदेव, लाल फेटा, मांडीवर आंबिलीचं गाडगं.

पहाटे अंधारात त्यांनी रानातली पूजा उरकली होती आणि रांधलेलं सगळं तसंच उचलून आणलं होतं. उतरता उतरताच त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. नववीच्या पोरांनी पेंढ्या उतरवल्या, कडुलिंबाला टेकवून खोप उभी केली. बिरदेवनं त्यात पूजेचे पाच खडे मांडले. कल्लप्पा कुठूनसे टपकले, ते बाजरीच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्यांची टोपली धरून उभे राहिले.

"बसा रं समदी!" चिमाबाई ओरडल्या. "वळीत बसा. हात धुतल्याबिगर ज्यो बसंल त्येला न्हाय मिळनार!"

आठशे पोरं मैदानात मांडी घालून बसली. आठशेंना पुरेल एवढं अर्थातच नव्हतं. पण कुणाला वाटीभर, कुणाला चार घास, असं करत वाढायचा डाव फिरत राहिला. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पातीचा कांदा, वांगी, चिंचेचं पाणी, सगळं एकत्र रटरटलेली ती भज्जी. मटकीच्या गोळ्या झाडणारी सातवी 'ब' पत्रावळी चाटत होती. मॅडमच्या तक्त्यातलं प्रत्येक कडधान्य आणि प्रत्येक पालेभाजी त्या भज्जीत होती, फक्त कुणी तिच्यावर पौष्टिक असं लिहिलं नव्हतं.

चेअरमनसाहेब खोपीपाशी आले. "काय दर आहे हो प्लेटचा?"

"आज दर न्हाय, सायेब. येळवशीचं इकत नसत्यात. बसा खाली."

साहेब बसले नाहीत. मग त्यांचं लक्ष टॅबवाल्या तरुणाकडं गेलं. तो दहावीच्या पोरांत मांडी घालून बसला होता आणि दुसऱ्यांदा उंडा मागत होता. साहेबांना बसावंच लागलं. त्यांनी खाल्लं, चांगलं पोटभर खाल्लं, आंबील दोन पेले प्यायले. पण माणूस हुशार. मिशा पुसून उभे राहिले आणि नेमकं बोट ठेवलं.

"चिमाबाई, जेवण झकास. पण हा झाला सण. उद्या काय? परवा काय? मला रोजचं सांगा. समिती म्हणते भाकरी ठेवा, तुम्ही म्हणता विकणार नाही. मग मी यंत्र का बसवू नये?"

चिमाबाई पातेल्यातली भज्जी ढवळत राहिल्या.

"चिमक्का," समितीतर्फे आलेल्या रत्नम्मा मागून म्हणाल्या, "एकदा सांगून टाक की. का नको म्हणते तू?"

चिमाबाईंनी डाव पातेल्यात ठेवला.

"आमी मेंढरं घिऊन दिवाळी झाली की भाईर पडायचो," त्या म्हणाल्या. "सा सा म्हैनं रानात. आज ह्या शिवारात, उद्या त्या. मी सात-आट वर्साची आसंन. आय तापानं पडली. बा मेंढरामागं. पीट न्हाय, लाकूड न्हाय. म्या रडत बसल्याली. तर त्या गावची एक बाई आली. वळख न्हाय, पाळख न्हाय. फडक्यात भाकरी बांदून आनल्या हुत्या. चार दिस रोज आली. आय म्हनली, नाव तरी सांगा बाई. ती म्हनली, भाकरीला नाव कशाला लागतंय? त्या भाकरीवर मी हितं उबी हाय, सायेब. वडा माजा हाय, त्यो मी इकते. भाकर माजी न्हाय. ती मी कशी इकू?"

मॅडमनी चष्मा काढला. चेअरमनसाहेब बुटांकडं पाहत राहिले.

रत्नम्मा मात्र रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग विकू नको," त्या म्हणाल्या. "कोण सांगते विक म्हणून? वाढ की! पीठ मी देतो. आमच्या बोळात वीस घर आहे, वीस बाई पीठ देते. थापायला पण येतो मी, माग बंद ठेवून एक तास."

"वांगी, मेथी माझ्याकडनं," कल्लप्पा म्हणाले.

चिमाबाई एकदम हसल्या. महिन्यानं हसल्या असतील. "आरं, म्हंजे सावड की! आज तुजं रान, उद्या माजं. मग त्या मीटिंगीत चार म्हैनं काय बोलत हुता तुमी?"

सावड! एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबायची खेड्यातली रीत. पत्रातल्या चार ओळींच्या त्या लांबलचक वाक्याचं मराठी एका शब्दात झालं होतं, आणि मी समितीचा सचिव, ते चार महिने उच्चारसुद्धा नीट न करता वाचून दाखवत होतो.

"पण कागदावर काय दाखवू मी?" साहेब कुरकुरले.

"कालवनाला दर लावा," चिमाबाई म्हणाल्या. "ताकाला लावा. भाकर त्येच्यासंगं येनार."

साहेबांनी उन्हाळ्याच्या परीक्षेपर्यंत मुदत दिली. कंपनीचा तरुण जाताना डब्यात भज्जी भरून घेऊन गेला.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेची सुट्टी संपली आणि सावड सुरू झाली. एकेका वर्गाला एकेक वार. त्या वर्गाच्या घरांतून पीठ यायचं, दोघी-तिघी आया तासभर थापायला यायच्या. सुरुवातीला नाकी नऊ आले. मॅडमनी स्वच्छतेसाठी सगळ्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या आणि हातमोजे दिले. मोजे घालून भाकरी थापता येत नाही हे त्यांना पटेना, म्हणून चिमाबाईंनी त्यांनाच काटवटीपुढं बसवलं. मॅडमची भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली, श्रीलंका वेगळी. त्यानंतर मोजे गेले, टोप्या राहिल्या. एका बुधवारी पीठच आलं नाही, दुसऱ्या बुधवारी तिप्पट आलं. तेलुगू आया भाकरी जाड करायच्या, मंद्रूपकडच्या पातळ, आणि कुणाची चांगली यावरून मुलांत दोन तट पडले. दोन्ही तट भांडता भांडता एकेक भाकरी जास्त खायचे. शनिवारी वडा परत आला, ताज्या तेलात, एकाला एकच. फाटकाबाहेरची गाडी फेब्रुवारीत दुसरीकडं गेली.

परीक्षा संपल्या त्या दिवशी साहेबांचा फोन आला. यंत्राचा विषय बंद. कँटीन पुढची तीन वर्षं चिमाबाईंकडंच, आणि आता शेडवर रीतसर पाटी लावा, चालकाचं नाव आणि दरपत्रक असलेली.

मी रंगारी आणला. त्यानं वर मोठ्या अक्षरांत चिमाबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. अठरा वर्षांत त्या शेडवर पहिल्यांदा नाव लागत होतं. चिमाबाई दोनदा बाहेर येऊन पाहून गेल्या आणि दोन्ही वेळा काहीतरी आणायला आल्यासारखं केलं. खाली पदार्थांची यादी आली. वांग्याची भाजी, पुढं दर. मेथीचं कालवण, पुढं दर. ताक, पुढं दर. मग रंगाऱ्यानं लिहिलं, भाकरी. आणि ब्रश धरून थांबला.

"सर, इथं काय टाकू? मोफत लिहू का?"

मी आत जाऊन विचारलं. उन्हाळ्यामुळं मुलं नव्हती, शेडमध्ये आम्ही दोघंच. चिमाबाई काटवटीत तिसरी भाकरी थापत होत्या.

"मोफत नगा लिवू," त्या म्हणाल्या. "त्यात बी पैसाच दिसतोय."

"मग काय लिहू? पाटी आहे चिमाबाई, काहीतरी लिहावं लागणारच. भाकरी केवढ्याला?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"आट वर्सं खाताय, सर. कदी इच्यारलं व्हय तुमी?"

मी कधीच विचारलं नव्हतं. चहाचे पैसे एक तारखेला चोख देणारा मी, मला एकदाही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि का कोण जाणे, घरी आल्यासारखंही वाटलं. भाकरी टम्म फुगली. त्यांनी ती उतरवून, चटणी आणि तेल घालून माझ्यापुढं ठेवली.

मी बाहेर जाऊन रंगाऱ्याला ती जागा मोकळी सोडायला सांगितलं, आणि आत येऊन जेवायला बसलो.